न्यूट्रॉनाचा झोत आणि मोजमापाचे इमान : प्रस्तावना

जोहे हे गाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते गणपतीच्या मूर्तींमुळे ठाऊक आहे. पेण तालुक्याच्या या पट्ट्यात, हमरापूर, कळवे, तांबडशेत आणि जोहे या गावांतून, मूर्तीचा कारखाना नाही अशी आळी क्वचितच सापडेल. आणि उन्हाळा सरत आला, की ओसरी, पडवी, मांडव, जिकडे पाहावे तिकडे अद्याप रंग न लागलेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसतात. अध्यापनातून निवृत्त होऊन या गावी राहायला आल्यावर, जे पुस्तक मी कित्येक वर्षे मनात बाळगले होते, ते इथेच लिहून पुरे केले, आणि त्याची ही प्रस्तावनाही इथेच लिहीत आहे. पुस्तकाचा विषय आहे न्यूट्रॉनांच्या झोतांच्या साहाय्याने विद्यापीठांतून होणारे अल्प-ऊर्जा अणुकेंद्रभौतिकीचे संशोधन. हा विषय आणि हे गाव यांची सांगड कशी बसली, ते आरंभी सांगितले, तर पुढचे विवेचन वाचकाला जवळचे वाटेल, अशी माझी समजूत आहे.

शेजारच्या कारखान्यात एक वयस्क कारागीर आहेत. शाडूची मूर्ती साच्यातून निघून काही दिवस सावलीत वाळली, की रंगाला देण्यापूर्वी ते आपल्या बोटांची मागची बाजू तिच्या पाठीला लावून क्षणभर थांबतात. वरून खडखडीत वाळलेली दिसणारी मूर्ती पोटात ओली असेल, तर तिथे किंचित गारवा लागतो. मग काही न बोलता ते ती पुन्हा फळीवर ठेवतात, कारण आत ओल असलेल्या मातीवर दिलेला रंग पुढे पोपडे धरतो. "वरचं खरं मानलं की घात झाला," असे ते मला एकदा म्हणाले. मातीच्या पोटातले पाणी बाहेरून ओळखणे, हीच न्यूट्रॉनाची विद्या आहे. क्ष-किरणांना शिशाचा पत्रा अडवतो आणि पाणी फारसे अडवत नाही. न्यूट्रॉनाचे नेमके उलटे आहे, तो जाड शिशातून बराचसा सहज निघून जातो आणि पाण्याच्या पातळ थराशी अडखळतो, कारण पाण्यातील हायड्रोजनाचे अणुकेंद्र जवळजवळ त्याच्याच वजनाचे असते आणि समान वजनाच्या दोन गोट्यांच्या टकरीप्रमाणे एका धडकेत तो आपली बरीचशी गती गमावून बसतो. त्या कारागिरांनी बोटांनी जे ओळखले, ते मोजून सांगण्याचे एक साधन निसर्गाने मनुष्याच्या हाती दिले, आणि त्या साधनाचा इतिहास अवघ्या नव्वद-पंचाण्णव वर्षांचा आहे.

१९३२ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनाच्या अस्तित्वाचे पत्र प्रसिद्धीला दिले. बेरिलियमवर पोलोनियमचे अल्फा-कण आदळले असता जे भेदक किरण बाहेर पडतात, ते मेणातून प्रोटॉन उडवून काढतात, हे पॅरिसच्या जोलिओ-क्यूरी दांपत्याने आधीच पाहिले होते. परंतु त्यांनी त्या किरणांना गॅमा-किरण मानले, आणि चॅडविक यांनी उडालेल्या प्रोटॉनांच्या ऊर्जेचा हिशेब मांडून दाखवून दिले, की हा जमाखर्च गॅमा-किरणांनी जुळत नाही, तो प्रोटॉनाएवढ्या वजनाच्या आणि विद्युत्भार नसलेल्या कणानेच जुळतो. भार नाही, या एका गुणात न्यूट्रॉनाचे सारे सामर्थ्य आहे. प्रोटॉन किंवा अल्फा-कण अणुकेंद्राच्या दाराशी गेला, की तिथला धनभार त्याला मागे लोटतो. न्यूट्रॉनाला ही आडकाठी नाही, आणि म्हणून तो कितीही मंद असला तरी आत शिरू शकतो. १९३४ च्या ऑक्टोबरात रोम येथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांना तर असे आढळले, की मेणातून किंवा पाण्यातून गेल्यामुळे मंदावलेला न्यूट्रॉन चांदीसारख्या धातूत वेगवान न्यूट्रॉनापेक्षा कितीतरी पटींनी अधिक किरणोत्सर्ग उत्पन्न करतो. वेग कमी झाला की परिणाम वाढतो, हे तत्कालीन पदार्थविज्ञानाला अनपेक्षित होते. आजच्या बहुतेक अणुभट्ट्या याच शोधाच्या पायावर उभ्या आहेत.

'अल्प-ऊर्जा' या शब्दाविषयी वाचकाचा गैरसमज होऊ नये, म्हणून थोडा खुलासा करतो. खोलीच्या तपमानाशी समतोल झालेल्या न्यूट्रॉनाची ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि तो सेकंदाला सुमारे २,२०० मीटर वेगाने चालतो. त्याची तरंगलांबी स्फटिकातील अणूंमधल्या अंतराएवढी भरते, आणि म्हणून घन पदार्थांची रचना व त्यांतील अणूंची स्पंदने पाहण्यास तो उत्तम ठरतो. उलट ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांच्या संयोगातून निघणारा न्यूट्रॉन १४ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा, म्हणजे त्याहून कोट्यवधी पट ऊर्जेचा असतो आणि सेकंदाला पन्नास हजार किलोमीटरांच्या आसपास धावतो. ही दोन्ही टोके अल्प-ऊर्जा भौतिकीतच मोडतात, कारण मूलकणांच्या शोधासाठी उभारलेल्या प्रचंड यंत्रांच्या तुलनेत या ऊर्जा अल्पच आहेत. परंतु अल्प म्हणजे गौण नव्हे. ताऱ्यांत मूलद्रव्ये कशी घडतात, अणुभट्टीत इंधन किती काळ टिकते, रुग्णाला देण्याचे किरणोत्सर्गी औषध कसे सिद्ध होते, या सर्वांचा निवाडा याच पट्ट्यात होतो.

या संशोधनाचे केंद्रवर्ती काम एका राशीचे मापन हे आहे. प्रयोगशाळेत तिला सर्वजण 'क्रॉस सेक्शन' म्हणतात; मी या पुस्तकात 'छेदक्षेत्र' हा शब्द योजला आहे. विशिष्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनाला विशिष्ट अणुकेंद्र किती मोठे 'दिसते', असा तिचा अर्थ घ्यावा. तिचे एकक बार्न, म्हणजे धान्याचे कोठार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हे नाव पाडले, कारण त्या सूक्ष्म जगात एवढे क्षेत्रफळ कोठाराएवढेच विशाल ठरते. अणुकेंद्राचा प्रत्यक्ष आकार आणि त्याचे छेदक्षेत्र यांचा मेळ असलाच पाहिजे असे नाही, ही यातील सर्वांत विस्मयकारक गोष्ट आहे. कॅडमियमच्या ११३ वस्तुमानांकाच्या समस्थानिकाचे भौमितिक क्षेत्र एक-दोन बार्नांहून अधिक नाही, तथापि मंद न्यूट्रॉनाला ते सुमारे वीस हजार बार्नांएवढे दिसते. न्यूट्रॉन गिळण्यापुरते पाहिले, तर सोन्याचे सुमारे ९९ बार्न दिसते आणि शिशाचे एक बार्नही दिसत नाही. ही मूल्ये निव्वळ सिद्धांतावरून अचूक काढता येत नाहीत. शेतजमिनीचे क्षेत्र जसे मोजणी केल्याशिवाय सातबाऱ्यावर चढत नाही, तशी प्रत्येक समस्थानिकाची प्रत्येक ऊर्जेला मोजणी करावी लागते, आणि तिचा दाखला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या आश्रयाखाली चालणाऱ्या 'एक्सफोर' नावाच्या जागतिक दप्तरात नोंदवला जातो. त्या दप्तरात भारतीय विद्यापीठांतील अध्यापकांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी आहेत, ही अभिमानाची बाब आहे.

आपल्या देशाला या मोजणीची निकड विशेष आहे. युरेनियमचे साठे आपल्याकडे माफक आहेत आणि थोरियम मात्र मुबलक आहे. थोरियम स्वतः इंधन नव्हे. त्याने न्यूट्रॉन गिळला की २२ मिनिटांच्या अर्धायुष्याचे थोरियम-२३३ होते, त्याचे २७ दिवसांच्या अर्धायुष्याचे प्रोटॅक्टिनियम होते, आणि अखेर युरेनियम-२३३ हे इंधन हाती येते. या वाटचालीत किती न्यूट्रॉन कुठे खर्ची पडतील, त्याचा ताळेबंद आधी मांडल्यावाचून भट्टीचा आराखडा करता येत नाही, आणि त्या ताळेबंदातील प्रत्येक रक्कम म्हणजे कुणीतरी रात्र जागून मोजलेले छेदक्षेत्र असते.

महाराष्ट्रात या विद्येचा श्रीगणेशा ज्या ठिकाणी झाला, ते तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र आमच्या जिल्ह्याच्या समोरच, खाडीपलीकडे आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे 'अप्सरा' कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातील ती पहिली अणुभट्टी होय. पाण्याच्या तळ्यात बुडवलेल्या त्या भट्टीतून निघालेल्या झोतांवर आपल्या पहिल्या पिढीचे न्यूट्रॉन-संशोधक घडले. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडातील चॉक रिव्हर येथे बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याजवळ न्यूट्रॉन-प्रकीर्णनाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन ती विद्या तुर्भ्यास रुजवली. पुढे १९९४ साली ब्रॉकहाउस यांना याच कार्यासाठी क्लिफर्ड शल यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये ४० मेगावॉटांची 'सायरस' आणि ८ ऑगस्ट १९८५ रोजी १०० मेगावॉटांची, सर्वस्वी भारतीयांनी सिद्ध केलेली 'ध्रुव' चालू झाली. या भट्ट्यांचे दरवाजे विद्यापीठांना खुले व्हावेत, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या सहकार्याने एक आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली; तिचे मुख्य ठाणे इंदूरला असून तिच्या मुंबई केंद्रामार्फत दूरदूरच्या महाविद्यालयांतील संशोधक 'ध्रुव'च्या झोतावर आपले नमुने ठेवू शकतात. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात असलेल्या पेलेट्रॉन त्वरकातून प्रोटॉन लिथियमवर सोडून हव्या त्या ऊर्जेचे न्यूट्रॉन मिळवता येतात, आणि थोरियमची कित्येक छेदक्षेत्रे विद्यापीठांतील संशोधकांनी तिथे मोजली आहेत.

परंतु या पुस्तकाचा जीव पुण्याच्या गणेशखिंडीत आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात १४ एमईव्ही न्यूट्रॉन देणारे जनित्र उभे राहिले, आणि त्याच्या आधारे प्रा. व्ही. एन. भोरासकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनजन्य विक्रियांची छेदक्षेत्रे मोजली, पदार्थांतील मूलद्रव्यांचे प्रमाण शोधण्याच्या पद्धती बसवल्या, आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या घडवल्या. अशा जनित्राची रचना कागदावर साधी दिसते. ड्यूटेरियमचे आयन लाख-दीड लाख व्होल्टांच्या विद्युत्दाबाने पुढे ढकलून तांब्याच्या चकतीवरील टायटॅनियमच्या थरात मुरवलेल्या ट्रिटियमवर आपटायचे. प्रत्येक सफल टकरीतून एक न्यूट्रॉन आणि एक अल्फा-कण जन्म घेतो. न्यूट्रॉन मोजणे दुष्कर, पण त्याचा जोडीदार अल्फा-कण मोजणे सोपे. म्हणून अल्फांची गणती केली, की न्यूट्रॉनांचा आकडा आपोआप समजतो. जुन्या फडातील कारकुनाने रोजकीर्दीवरून खतावणी ताडून पाहावी, तसा हा उद्योग आहे, आणि त्यात जो रमला त्याला त्याची गोडी जन्मभर सुटत नाही.

माझ्या विद्यार्थिदशेतील, एका विद्यापीठातल्या रात्रीची हकिकत इथे सांगितलीच पाहिजे, कारण या पुस्तकाचे बीज तिच्यात आहे. सिलिकॉनवर वेगवान न्यूट्रॉन पडले असता ॲल्युमिनियम-२८ तयार होते, आणि त्याचे अर्धायुष्य अवघे २.२४ मिनिटांचे असते. नमुना झोतातून काढायचा, काँक्रीटच्या भिंतीला वळसा घालून जवळजवळ धावतच शोधकापाशी न्यायचा, द्रवरूप नायट्रोजनाने उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवलेल्या जर्मेनियमच्या स्फटिकासमोर ठेवायचा, आणि १,७७९ केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या) गॅमा-किरणांची रेघ पडद्यावर उंचावताना पाहायची. त्या रात्री रेघ अशी सुरेख उभी राहिली, की त्या आनंदात झोत बंद झाल्याची नेमकी वेळ वहीत टिपायची माझ्याकडून राहून गेली. सकाळी आमच्या गुरुजींनी वही उघडली, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, "वेळ?" मी अंदाजाने सांगू लागलो. त्यांनी मला शांतपणे गणित करायला लावले: एका मिनिटाचा घोटाळा झाला, तर उत्तरात एकचतुर्थांशाहून अधिक चूक शिरते. "अंदाज लिहिला तर तो आकडा राहत नाही," ते म्हणाले, आणि सारी रात्र पुन्हा पहिल्यापासून झाली. मोजमापाला इमान असते, हे मला ज्या दिवशी कळले तो दिवस हा. आणि यंत्र आमच्या हाताखालचे होते, दुसऱ्या रात्री ते पुन्हा चालवण्याची मुभा होती, म्हणूनच ते कळले.

हाच या पुस्तकाचा मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे. राष्ट्रीय संस्थांतून भव्य यंत्रे उपलब्ध असताना विद्यापीठाने आपले लहान यंत्र कशासाठी सांभाळावे, असा प्रश्न मंजुरीच्या प्रत्येक बैठकीत निघतो, आणि तो अप्रामाणिक नसतो. निर्वात पंप, ट्रिटियमच्या चकत्या, किरणोत्सर्गापासून संरक्षणाची भिंत, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांची काटेकोर पूर्तता, या सर्वांना पैसा लागतो आणि चिकाटी त्याहून अधिक लागते. तथापि मोठ्या यंत्रावर विद्यार्थ्याला झोत मिळतो तो मोजक्या दिवसांपुरता; यंत्र दुसऱ्यांच्या स्वाधीन असते, चुकण्याला अवसर नसतो, आणि तो जे घेऊन परततो ते आकडे असतात. ट्रिटियमची चकती झिजत गेली की न्यूट्रॉनांची संख्या कशी उतरत जाते, भिंतीवरून परतलेले मंद न्यूट्रॉन नमुन्यात शिरून उत्तर कसे बिघडवतात, निर्वात नळीतील केसाएवढी गळती शोधण्यात आठवडा कसा जातो, हे त्याला तिथे कळत नाही. पहिल्यांदा माती तुडवावी, मग साचा भरावा, मग हातपाय जोडावेत, आणि डोळ्यांच्या आखणीचा मान कित्येक वर्षांनी मिळावा, हा जोह्याच्या कारखान्यांचा शिरस्ता आहे. ज्याने माती तुडवली नाही, त्याच्या हाती कुंचला देत नाहीत. मोठ्या झोताचे खरे चीज लहान यंत्रावर घडलेला विद्यार्थीच करतो. शिवाय १४ एमईव्हीच्या आसपास एकाच विक्रियेसाठी निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दिलेले आकडे, स्वतःच सांगितलेल्या त्रुटींच्या मर्यादेपलीकडे परस्परांपासून भिन्न असल्याची उदाहरणे दप्तरात पुष्कळ आहेत. त्यांचा निवाडा करायला स्वतंत्र आणि सचोटीने केलेले मापन हवे, आणि ते विद्यापीठ करू शकते.

मापनाची ही सचोटी आपल्या मातीला परकी नाही, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी त्या विजेने दूषित होणार हे तिचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारली, तिच्या इमारतीत लोहमय वस्तूंचा संपर्क कटाक्षाने टाळला, आणि १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या मालिकेला नवी मालिका बिनचूक सांधली. अलिबागची ती नोंद आजही चालू आहे. दोन वर्षे दुहेरी श्रम करून एक सांधा निर्दोष ठेवणारी ती वृत्ती आणि झोत बंद झाल्याची वेळ विचारणारी माझ्या गुरुजींची वृत्ती एकाच कुळातली आहे.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी चार शब्द. पहिल्या भागात न्यूट्रॉनाचे उगम, मंदायन आणि शोधन यांचे विवेचन आहे. २ एमईव्हीचा न्यूट्रॉन हायड्रोजनात सरासरी १८ टकरींत मंदावतो आणि युरेनियमात दोन हजारांहून अधिक टकरी लागतात, यासारखी गणिते तिथे पायरीपायरीने सोडवली आहेत. दुसऱ्या भागात सक्रियण-पद्धतीचे सविस्तर प्रयोग आहेत, आणि तिसऱ्यात न्यूट्रॉन-चित्रणापासून शेतातील ओलाव्याच्या मापनापर्यंतचे उपयोग आहेत. आमच्या खारजमिनीत ओल किती खोलवर आहे हे अमेरिसियम-बेरिलियमच्या लहानशा उगमाने समजते, आणि ती ओल ओळखणारा गुण तोच आहे, जो मूर्तीच्या पोटातले पाणी ओळखू शकेल. परिभाषेच्या बाबतीत प्रचारात रुळलेला शब्द असेल तर तोच ठेवला आहे, आणि संस्कृतोद्भव शब्द जिथे अर्थ अधिक उजळतो तिथेच योजला आहे.

माझी एकच इच्छा आहे. ज्या महाविद्यालयात जनित्र नाही, तिथेही मेणाच्या पिंपात ठेवलेला एक सुरक्षित, परवानाप्राप्त उगम, चांदीची एक चकती आणि एक गणक एवढ्या सामग्रीवर या विद्येचा आरंभ होऊ शकतो. त्या चांदीतील एक किरणोत्सर्ग सुमारे २५ सेकंदांनी अर्धा होतो आणि दुसरा सुमारे अडीच मिनिटांनी. पेण, रोहा, अलिबाग यांपैकी कुठल्याही गावची एखादी विद्यार्थिनी ती चकती पिंपातून काढील, गणकापाशी नेईल, आणि गणकाकडे पाहण्यापूर्वी घड्याळाकडे पाहून वहीत वेळ लिहील, तर हे पुस्तक लिहिल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.

जोहे, तालुका पेण, जिल्हा रायगड